शेवटचा नळ

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून
माझ्या बाहुल्या मोठ्या केल्या,
हनुवटी पट्टीवर टेकवायला लावली
आणि डोळ्याच्या मागच्या भिंतीचा फोटो
पडद्यावर लावला.

मी म्हटलं, मॅडम,
हा तर वंजारी नगरच्या टाकीचा नकाशा.
त्या हसल्या.
मी गंमत करत नव्हतो.
चौतीस वर्षं चावी फिरवली आहे मी, मोठी लाइन
कुठे फाटते आणि कुठून बोळीत शिरते, ओळखतो.

म्हणाल्या, सोनकुसरेकाका, इथे बघा,
ही धमनी तांब्याच्या तारेसारखी चमकते,
भिंत जाड झालीय तिची.
इथे ती शिरेवरून गेली, आणि शीर चेपली.
आणि या कोपऱ्यात बारीक बारीक होत्या,
आता नाहीत.

फुटल्या?

नाही. मिटल्या.

बाहेर पोरीने बीपी घेतलं होतं: एकशे ब्याऐंशी, खाली एकशे चार.
कोपरात चकती टेकवून, श्वास धरून ऐकत होती,
तेव्हाच ओळख पटली.
मीही रात्री दोनला
लोखंडी सळईचं एक टोक डांबरावर, एक कानाला लावून
असाच उभा राहायचो सक्करदऱ्यात.
मोठी गळती बोलते.
बारीक गळती कुणालाच काही सांगत नाही.

सगळ्यात बारीक वाहिनी म्हणे इतकी अरुंद
की रक्ताची पेशीसुद्धा अंग चोरून
एकामागे एक जाते,
इतवारीच्या बोळीत मी सायकलवरून उतरून
चावी उभी धरून जायचो, तशी.

बिडीपेठेत लाइनच्या टोकाला
यमुनाबाई बारापात्रेंचं घर.
करंगळीएवढी धार, एका घागरीला पाऊण तास.
तक्रार गेली की साहेब म्हणायचे, प्रेशर वाढवा.
वाढवलं.
टाकीपाशी जोड उडाला, रस्ताभर तळं,
यमुनाबाईंकडे करंगळी ती करंगळीच.
खणून पाइप काढला तर
आतून गंज चढून चार इंचीची दीड इंची झालेली.
जितका जोर लावू तितकी ती आतून आवळत गेली,
की आवळली म्हणून आम्ही जोर लावत गेलो,
हे कुणी लिहून ठेवलं नाही.

माझं शरीरही
त्याच साहेबाच्या हाताखाली शिकलं वाटते.

घरी कौतिकाने खाराची मिरची
वरच्या फळीवर नेऊन ठेवली.
‘आता जाऊ द्या ना जी, लय झालं मीठ.’
तिचा हात पुरतो तिथे, माझा नाही.

मागच्या आठवड्यात कंपनीचा पोरगा आला होता.
‘काका, भांडे प्लॉटचा वॉल्व डांबराखाली गेला,
सापडूनच नाही राहिला.’
गेलो. उभा राहिलो.
कडुनिंबापासून तीन पावलं. की पाच?
कडुनिंब तर केव्हाचाच तोडलेला.
पोरगा वाट पाहत होता, हातात टॅब घेऊन,
आणि माझ्या डोक्यात कुठेतरी
टोकाचा एक नळ
नुसती हवा सोडत होता.

मॅडमना हे सांगितलं नाही.
त्यांनी गोळी लिहून दिली, सकाळी एक,
चुकवायची नाही.
मोठी चावी झटक्यात फिरवत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको.
पाव फेरा. थांबायचं. ऐकायचं.
मग पुन्हा पाव.

बाहेर आलो तर एप्रिलचं ऊन
सताड उघड्या बाहुल्यांत ओतलं गेलं,
रस्ता, रिक्षे, उसाचा ठेला, सगळं पांढरं.
नातू म्हणाला, आबा, हात द्या.

त्याच्या हातातून एक बोट सोडवून
मी अंगठ्याचं नख दाबलं.
पांढरं पडलं.
सोडलं.

एक.

दोन.

यमुनाबाई घागर लावून बसलेल्या,
बोलत नाहीत काही,
धारेकडे बघतात.

तीन.

हां, आलं.